एक कप म्हणजे किती? अमेरिकन, ब्रिटिश आणि आपली मापे

तिशरीचे सण जवळ आले की आपल्या घराघरांत केकच्या कृतींची देवाणघेवाण सुरू होते. न्यूयॉर्कची सून फोनवर एक कृती पाठवते. लंडनची बहीण एखाद्या मासिकातले पान कापून पाठवते. शेजारीण मैद्याच्या पाकिटामागची हिब्रू कृती वाचून दाखवते. शिवाय मुंबईहून येताना ट्रंकेत घालून आणलेली, डाग पडलेली, आईच्या किंवा सासूच्या हातची वही असतेच. या चौघी चार प्रकारच्या मापांत बोलतात, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा शब्द एकच वापरतात: कप.

मग होते असे, की कृती चांगली असते, करणारीचा हातही सरावलेला असतो, तरी केक बसतो. कधी मधोमध खड्डा पडतो, कधी कोरडा भुगा होतो. आपण ओव्हनला दोष देतो, इथल्या मैद्याला देतो, इथल्या पाण्यालाही देतो. दोष बहुतेक वेळा मापाचा असतो. म्हणून या लेखात ही मापे एकमेकांत कशी बदलावीत ते सांगत आहे. यातले गणित तिसरी-चौथीच्या त्रैराशिकापलीकडचे नाही.

मापी आणि वजनी

आपल्या पिढीला हा विषय खरे तर नवा नाही. कोकणात आणि मुंबईत धान्य दोन तऱ्हांनी मिळे: मापाने आणि वजनाने. पायली, शेर, मापटे, चिपटे ही भरून घ्यायची मापे. तोळा, छटाक, पावशेर ही तराजूत तोलायची वजने. शेर दोन्हींकडे होता. पण मापी शेरभर पोहे आणि मापी शेरभर तांदूळ यांचे वजन सारखे नसते, हे घरातल्या लहान मुलीलाही ठाऊक असे. पोहे फुगीर असतात, तांदूळ घट्ट बसतात.

वजनी शेरही सगळीकडे एक नव्हता. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. मुंबईचा जुना शेर २८ तोळ्यांचा, म्हणजे त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त. त्यामुळे "शेरभर दे" म्हणण्याआधी कुठला शेर ते ठरवावे लागे.

अमेरिकन आणि ब्रिटिश कृतींचे भांडण अगदी हेच आहे. अमेरिकन गृहिणी मापी पद्धतीने चालते, ती सगळे कपाने भरून घेते. ब्रिटिश गृहिणी वजनी पद्धतीने चालते, पूर्वी पौंड-औंसांत आणि आता ग्रॅममध्ये. त्यातून दोघींचा पिंटही वेगळा. मापी आणि वजनी हा भेद एकदा मनात पक्का केला की अर्धे काम झाले.

दोन देशांचे कप वेगळे का?

अमेरिका १७७६ साली इंग्लंडपासून वेगळी झाली तेव्हा तिने तिथली जुनी मापे तशीच ठेवली. त्यांत इंग्लंडमध्ये १७०७ साली ठरवलेला दारू मोजण्याचा गॅलन होता. पुढे १८२४ साली ब्रिटिश पार्लमेंटने जुने गॅलन रद्द करून नवा इंपीरियल गॅलन आणला. दहा पौंड पाणी मावेल एवढा तो गॅलन. अमेरिकेने हा बदल घेतला नाही. गॅलन वेगळा झाला, म्हणून त्याचा आठवा भाग असलेला पिंटही वेगळा झाला.

अमेरिकन पिंट १६ द्रव औंसांचा, म्हणजे ४७३ मिलिलिटर. ब्रिटिश पिंट २० द्रव औंसांचा, म्हणजे ५६८ मिलिलिटर. अमेरिकन कप हा त्यांच्या पिंटाचा अर्धा, म्हणजे २३७ मिलिलिटर. सोयीसाठी २४० धरायला हरकत नाही. जुन्या ब्रिटिश पुस्तकात कधी कप आलाच, तर तो बहुधा ब्रिटिश अर्ध्या पिंटाचा, म्हणजे २८४ मिलिलिटरचा असतो. हा कप अमेरिकन कपाहून पाचव्या हिश्शाने मोठा आहे. मुंबईत आपण ब्रिटिश मापे शिकलो, त्यामुळे मुंबईच्या वहीत "अर्धा पिंट दूध" असेल तर २८४ मिलिलिटर घ्यावे, अमेरिकन हिशेबाने नव्हे.

अमेरिकेत कपाला एवढे महत्त्व आले त्यात बॉस्टनच्या फॅनी फार्मर या बाईंचा मोठा वाटा आहे. १८९६ साली निघालेल्या त्यांच्या पाकपुस्तकात कप आणि चमचा नेहमी सपाट भरावा, शीग काढून टाकावी, असा आग्रह होता. त्याआधी "अंड्याएवढे लोणी" किंवा "बेताचे पीठ" असे लिहिण्याची पद्धत होती. त्यामुळे अमेरिकन कृतीतला कप किंवा चमचा नेहमी सपाट समजावा. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत मात्र चमचा पुष्कळदा शिगेचा असतो. पुस्तकाच्या पहिल्या पानांवर तसे लिहिलेले असते, ते आधी वाचावे.

इथले कप आणि इथली पाकिटे

इस्रायलमध्ये आणखी एक अडचण आहे. हिब्रू कृतीतला "कोस" बहुतेक ठिकाणी २४० मिलिलिटरचा असतो, काही ठिकाणी २०० चा. आणि ज्या खाद-पामी कपात आपण कार्यक्रमाला चहा देतो, तो साधारण १८० मिलिलिटरचा. अनेक बायका सवयीने त्याच कपाने मैदा मोजतात.

आता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेवावी. कृतीतले सगळेच पदार्थ कपाने असतील तर कप कोणताही चालेल. केक लहान होईल किंवा मोठा होईल, पण प्रमाण बिघडणार नाही. प्रमाण बिघडते ते अंड्यांमुळे, पाकिटांमुळे आणि चमच्यांमुळे. अंडी तीनच राहतात, बेकिंग पावडरचे पाकीट एकच राहते, आणि कप मात्र लहान होतो. मग तीन अंडी आणि पूर्ण पाकीट थोड्याशा मैद्यावर पडतात. केक आधी भराभर फुगतो आणि मग खाली बसतो. कप मोठा असेल तर उलट होते: मैदा आणि साखर जास्त, उचलायला अंडी कमी, म्हणून केक दगडासारखा जड.

पाकिटांचेही तसेच. आपल्याकडचे अवकात अफिया, म्हणजे बेकिंग पावडरचे पाकीट, १० ग्रॅमचे असते. ते साधारण सव्वादोन छोटे चमचे भरते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ही पावडर डब्यातून चमच्याने घेतात. सुकार वानिलचे पाकीटही १० ग्रॅमचे. कृतीत एक छोटा चमचा व्हॅनिला इसेन्स असेल तर त्याऐवजी एक पाकीट घालावे. यीस्टच्या बाबतीत जपून. अमेरिकन कोरड्या यीस्टचे पाकीट ७ ग्रॅमचे असते, इथले त्याहून मोठे असते, म्हणून पाकीट न मोजता ग्रॅम मोजावेत. ताजे यीस्ट वापरायचे तर कोरड्याच्या सुमारे तिप्पट घ्यावे. ७ ग्रॅम कोरड्याऐवजी २० ग्रॅम ताजे, म्हणजे ५० ग्रॅमच्या वडीचा अर्ध्याहून थोडा कमी भाग.

चमच्यांचा घोळ त्या मानाने कमी आहे. अमेरिकन, आजचा ब्रिटिश आणि इस्रायली मोठा चमचा, म्हणजे कफ, १५ मिलिलिटरचा. छोटा चमचा, म्हणजे कपित, ५ मिलिलिटरचा. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा मात्र २० मिलिलिटरचा असतो. सिडनी-मेलबर्नच्या नातेवाइकांकडून आलेल्या कृतीत एवढे पाहावे.

औंस दोन प्रकारचे

"औंस" हा शब्दही दोन कामे करतो. एक औंस वजनाचा: २८.३५ ग्रॅम. हा अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अगदी सारखा आहे. १६ औंसांचा पौंड ४५४ ग्रॅमचा, तोही दोन्हीकडे सारखा. दुसरा द्रव औंस: अमेरिकन सुमारे ३० मिलिलिटर, ब्रिटिश सुमारे २८. पाण्यादुधासाठी दोन्ही औंस जवळपास जुळतात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. पण मैदा फुगीर आहे आणि मध जड आहे. अमेरिकन कप आठ द्रव औंसांचा. त्यात आठ औंस मैदा मावेल असे कोणी धरले तर ते चूक ठरेल. त्या कपात मैदा जेमतेम साडेचार औंस बसतो, मध मात्र बारा औंस.

मुंबईच्या वहीतल्या पावशेराबद्दलही सांगते. ८० तोळ्यांच्या शेराचा पावशेर २३३ ग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या पौंडाहून किंचित जास्त. भारतात १९६२ पासून सगळीकडे किलोची वजने सक्तीची झाली, पण बाजारात पाव किलोलाही लोक पावशेरच म्हणत राहिले. वही जुनी असेल तर २३३ ग्रॅम घ्यावे, नंतरची असेल तर २५०. सगळे पदार्थ पावशेराच्याच हिशेबात असतील तर कोणतेही एक धरून चालावे, मात्र एकाच कृतीत दोन्ही मिसळू नयेत.

अमेरिकन कपाचे ग्रॅम

खालचा तक्ता कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. हे सगळे आकडे एका सपाट अमेरिकन कपाचे आहेत.

मैदा: १२५ ग्रॅम
दाणेदार साखर: २०० ग्रॅम
दाबून भरलेली ब्राऊन साखर: २१० ग्रॅम
आयसिंग साखर: १२० ग्रॅम
बारीक रवा: १७० ग्रॅम
सुका खोबऱ्याचा कीस: ९० ग्रॅम
बदामाची पूड: १०० ग्रॅम
कोको: ८५ ग्रॅम
बेदाणे: १५० ग्रॅम
लोणी किंवा मार्गारिन: २२७ ग्रॅम
तेल: २१८ ग्रॅम
मध: ३४० ग्रॅम
दूध, पाणी, कॉफी, संत्र्याचा रस: २४० मिलिलिटर

मैद्याबद्दल दोन शब्द. कप थेट पिठाच्या पिशवीत खुपसून काढला तर पीठ दाबले जाते आणि एका कपात १४० ग्रॅमपर्यंत जाते. चमच्याने हलके हलके भरून वरची शीग सुरीने काढली तर १२० ते १२५ ग्रॅम भरते. अनेक इस्रायली कृती १४० धरतात, अमेरिकन पुस्तके बहुधा १२० ते १२५. चार कपांत हा फरक ६० ते ८० ग्रॅमांवर जातो. एकच कप, एकच पीठ, आणि तरी भरणारीचा हात बदलला की केक बदलतो. तराजूचे महत्त्व यातच आहे.

अमेरिकन कृतीत लोणी "एक स्टिक" असे येते. स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम, चार औंस, अर्धा कप. इथली लहान वडी १०० ग्रॅमची. एका स्टिकला एक वडी घेतली तर १३ ग्रॅम, म्हणजे एका मोठ्या चमच्याहून थोडे कमी, लोणी कमी पडते.

नावांचे घोटाळे

आकडे बरोबर असूनही नावामुळे फसायला होते. त्यातल्या नेहमीच्या जागा अशा आहेत.

ब्रिटिश कॉर्नफ्लोअर आणि अमेरिकन कॉर्नस्टार्च एकच. इथेही त्याला कॉर्नफ्लोरच म्हणतात. पण अमेरिकेत कॉर्न फ्लोअर म्हटले की मक्याचे बारीक दळलेले पिवळे पीठ.

ब्रिटिश आयसिंग शुगर, अमेरिकन पावडर्ड शुगर आणि इथली अवकात सुकार या तिन्ही एकच. ब्रिटिश कॅस्टर शुगर मात्र पिठीसाखर नव्हे, ती बारीक दाण्याची साखर. ती नसेल तर साधी साखर मिक्सरमधून क्षणभर फिरवावी, पीठ करू नये.

बायकार्बोनेट ऑफ सोडा, बेकिंग सोडा आणि इथला सोडा लेश्तिया एकच. तो बेकिंग पावडरच्या जागी घालू नये. सोडा कितीतरी पटींनी तेज असतो.

ब्रिटिश सेल्फ-रेझिंग फ्लोअर म्हणजे इथले केमाख तोफेयाख. त्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते. ते नसेल तर १०० ग्रॅम साध्या मैद्याला एक सपाट छोटा चमचा बेकिंग पावडर मिसळून दोनदा चाळावे.

आणि कोशर सॉल्ट! अमेरिकन कृतीत हा शब्द वाचून आपल्यापैकी कित्येकींना वाटते, की बाकीचे मीठ कोशर नाही की काय. तसे नाही. मांसाचे रक्त काढून ते कोशर करण्यासाठी जे जाडे मीठ लावतात त्याला अमेरिकेत हे नाव पडले. आपण त्याला मेलाख गास म्हणतो. जाडे असल्याने चमच्यात पोकळी राहते आणि मीठ कमी मावते. म्हणून कृतीत एक चमचा कोशर सॉल्ट असेल तर बारीक मीठ अर्ध्या चमच्याहून थोडे जास्त पुरे.

अंडी आणि पार्वे केक

अमेरिकन "लार्ज" अंडे कवचासकट सुमारे ५७ ग्रॅमचे असते. ब्रिटिश "लार्ज" ६३ ते ७३ ग्रॅमचे. म्हणजे अमेरिकनांचे मोठे अंडे ब्रिटिशांच्या मध्यम अंड्याएवढे. अमेरिकन कृतीसाठी एका अंड्याचे कवचाविना ५० ग्रॅम धरावेत. तीन अंडी म्हणजे १५० ग्रॅम. अंडी मोठी असतील तर फेटून तेवढेच तोलून घ्यावे, उरलेले ऑम्लेटला.

ब्रिटिश स्पंज केकची तर फार सोपी युक्ती आहे. अंडी कवचासकट तोलावीत. जितके त्यांचे वजन, तितकेच लोणी, तितकीच साखर, तितकेच सेल्फ-रेझिंग पीठ. दोन अंडी साधारण चार औंसांची, म्हणून वहीत "चार-चार-चार औंस, अंडी दोन" असे असते. हे प्रमाण पाठ असेल तर औंसही नको आणि कपही नको.

शब्बाथच्या मटणाच्या जेवणानंतर खायचा केक लोण्यादुधाचा चालत नाही. तेव्हा लोण्याऐवजी तितक्याच वजनाचे पार्वे मार्गारिन घ्यावे. तेल घ्यायचे तर १०० ग्रॅम लोण्याला ८० ग्रॅम तेल, कारण लोण्यात पाचवा हिस्सा पाणी वगैरे असते. मात्र साखरेबरोबर लोणी फेसून करायचा केक तेलावर तसा हलका होत नाही. दुधाऐवजी नारळाचे दूध किंवा संत्र्याचा रस मिलिलिटरला मिलिलिटर घालावा.

ओव्हनची उष्णता

अमेरिका फॅरेनहाइटमध्ये मोजते, इस्रायल सेल्सिअसमध्ये, आणि जुनी ब्रिटिश पुस्तके गॅस मार्कमध्ये. शाळेतले सूत्र असे: फॅरेनहाइटमधून ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा. ३५० वजा ३२ म्हणजे ३१८. गुणिले ५ म्हणजे १५९०. भागिले ९ म्हणजे १७७. ओव्हनवर १८० लावावे.

केकच्या उष्णतेसाठी याहून सोपी वाट आहे: फॅरेनहाइटचा आकडा सरळ निम्मा करा. ३०० चे १५०, ३५० चे १७५, ४०० चे २००. खरे उत्तर दोन-चार अंशांच्या आतच असते. ताप मोजायला हा नियम चालणार नाही, केकला चालतो.

गॅस मार्कचा हिशेब असा: मार्क १ म्हणजे २७५ फॅरेनहाइट, पुढे दर मार्काला २५ वाढवा. मार्क ४ म्हणजे ३५०, आपले १८० सेल्सिअस. मार्क ६ म्हणजे ४००, आपले २००. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत "रेग्युलो ४" असे दिसले तर तो हाच मार्क.

आपल्या ओव्हनमध्ये पंख्याची सोय असते, तिला इथे तुर्बो म्हणतात. तुर्बो लावला तर २० अंश कमी करावेत, १८० चे १६०. बाहेरून करपलेल्या आणि आतून कच्च्या राहिलेल्या कितीतरी केकांचे कारण हेच.

मुंबईच्या वहीत उष्णता लिहिलेलीच नसते, कारण बहुतेक घरांत ओव्हन नव्हता. नानकटाईचे पीठ मळून बेकरीच्या भट्टीत भाजून आणत, नाहीतर पातेल्यात वाळू घालून वर-खाली निखारे ठेवत. अशा कृतीत नानकटाईला १७० अंश आणि रव्याच्या केकला १८० अंश लावून सुरुवात करावी आणि रंगावर लक्ष ठेवावे.

केकचा साचा

इंचाचे अडीच सेंटीमीटर धरावेत. आठ इंची साचा २० सेंटीमीटरचा, नऊ इंची २३ चा. नऊ इंची गोल साचा आठ इंची गोलापेक्षा एकाच इंचाने मोठा दिसतो, पण त्याचे क्षेत्रफळ सव्वापटीहून जास्त आहे: आठ इंचीचे ५० चौरस इंच, नऊ इंचीचे ६४. आठ इंची चौकोनाचेही ६४. म्हणून नऊ इंची गोल आणि आठ इंची चौकोनी साचे एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरावेत. अमेरिकनांचा नेहमीचा नऊ बाय तेरा इंची साचा म्हणजे २३ बाय ३३ सेंटीमीटर. तेवढे मिश्रण आपल्याकडच्या लांबट "इंग्लिश केक"च्या दोन साच्यांत बसते.

एक उदाहरण

समजा रोश हशानासाठी अमेरिकेहून मधाच्या केकची अशी कृती आली: मैदा अडीच कप, साखर १ कप, मध १ कप, तेल अर्धा कप, गार कडक कॉफी १ कप, ३ लार्ज अंडी, २ छोटे चमचे बेकिंग पावडर, १ छोटा चमचा बेकिंग सोडा, दालचिनी १ छोटा चमचा, ओव्हन ३५० वर, साचा नऊ बाय तेरा.

आपल्या भाषेत ती अशी होईल. मैदा ३१२ ग्रॅम, म्हणजे ३१०. साखर २००. मध ३४०, म्हणजे ३५० ग्रॅमची बरणी असेल तर जवळजवळ सगळी. तेल ११० ग्रॅम. कॉफी २४० मिलिलिटर. अंडी कवचाविना १५० ग्रॅम. अवकात अफियाचे एक पाकीट, त्यातले चिमूटभर मागे ठेवून. सोडा लेश्तिया एक सपाट कपित. ओव्हन १८०, तुर्बोवर १६०. साचा २३ बाय ३३, किंवा इंग्लिश केकचे दोन.

हाच केक खाद-पामी कपाने मोजला तर मैदा ३१० ऐवजी सुमारे २३५ ग्रॅम पडेल आणि मध ३४० ऐवजी २५५. अंडी, पावडर आणि सोडा मात्र तेवढेच राहतील. केक का बसतो, ते या दोन ओळींत दिसेल.

तराजू आणि आपली वही

या सगळ्यासाठी एकच वस्तू लागते, ग्रॅम दाखवणारा छोटा सपाट तराजू. त्यावर भांडे ठेवावे, शून्याचे बटण दाबावे, मैदा घालावा. पुन्हा शून्य करावे, साखर घालावी. एकच भांडे, धुणेही कमी. एक सावधगिरी: बटण चुकून दाबले गेले की तराजू ग्रॅम सोडून औंस दाखवू लागतो. आकड्याशेजारचे अक्षर आधी पाहावे, चश्मा लावून.

तराजूचा आणखी मोठा उपयोग आपल्या स्वतःच्या वहीसाठी आहे. वहीत "निळ्या कपाने दोन कप रवा" असे लिहिलेले असते. तो निळा कप अजून घरात असेल, तर तो पाण्याने काठोकाठ भरून तोलावा आणि रिकाम्या कपाचे वजन वजा करावे. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. मग रवा भरून तोलावा आणि तो आकडा वहीत लिहून टाकावा. त्यानंतर कप फुटला तरी कृती फुटत नाही.

ज्या कृतीत "रवा भिजेल इतके दूध", "मूठभर काजू", "तूप अंदाजाने" असते, ती करणारीला तुम्ही किती घालता असे विचारून उपयोग नाही. अंदाज हाताला ठाऊक असतो, तोंडाला नाही. तिला नेहमीसारखे करू द्यावे. नातीने फक्त दुधाची पिशवी, तुपाची बरणी, रव्याचा डबा हे सगळे आधी तोलावे आणि काम झाल्यावर पुन्हा तोलावे. जितके कमी झाले तितके कृतीत गेले. असे दोन-तीन वेळा करून सरासरी काढावी. हीच रीत चिकाच्या हलव्याला लागू आहे आणि मलिद्यालाही.

हे मी आग्रहाने सांगते, कारण आपल्या समाजातल्या पुष्कळ कृती आज दोन जागीच उरल्या आहेत: नातवंडांना वाचता न येणाऱ्या मराठी वह्यांत आणि सत्तर-ऐंशी वर्षांच्या हातांत. नातवंडांना आपल्या घरचा रव्याचा केक आवडतो, पण ती करायला गेली की "सावता, कामा?" एवढेच विचारतात, आणि आपण म्हणतो, "अंदाजाने, बाळा." त्यांच्यासाठी त्या अंदाजाचे ग्रॅम आपणच करून ठेवायचे आहेत. दुसरे कोणी करणार नाही.

म्हणून येत्या सणाच्या आधी एक काम करावे. वहीतली आपल्याला सगळ्यांत प्रिय कृती निवडावी. तराजू मांडून ती एकदा करावी. प्रत्येक पदार्थापुढे ग्रॅम लिहावेत, पदार्थाचे नाव मराठीत आणि शेजारी हिब्रूत लिहावे, ओव्हनचे सेल्सिअस आणि साच्याचे सेंटीमीटर टाकावेत. वर लिहावे ती कृती कोणाची, कुठल्या गावची, कोणत्या सणाला होत असे. एका पानाला एक दुपार लागते. पाने पाच झाली तरी पाच कृती पुढे गेल्या.

सर्व वाचकांना शाना तोवा. केक छान फुगू दे.